बोलणी करणाऱ्यांनी बाहेर बसावं

मोकल सर गेल्यावर पंधरा दिवसांनी पेणला आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता बऱ्यापैकी पुढारी झालेला, माइक धरून म्हणाला की सरांचा माणसांवर गाढ विश्वास होता. मी पहिल्याच रांगेत होते. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

विश्वास म्हणे! तीस वर्षं मी त्या माणसाच्या समोरच्या खुर्चीत बसले. मी मराठी शिकवायचे, ते राज्यशास्त्र. किती वाजले असं त्यांनीच विचारावं, मी सांगावं, आणि 'बरं' म्हणून त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळात बघावं, हे रोजचं. डब्यातली तोंडल्याची भाजी पुढे केली तर विचारणार, आजची की कालची. आजची म्हटलं तरी आधी वास घेणार. खिशाला दोन पेनं असायची. एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं, आणि दिलेलं परत येईपर्यंत सर त्या माणसाच्या मागे उभे. एकदा मी चिडून म्हटलं, "मोकल सर, तुम्ही जन्मल्याबरोबर आईकडेसुद्धा पुरावा मागितला असणार." ते गंभीरपणे म्हणाले, "गरज पडली नाही, लेलेबाई. सुईण हजर होती."

उंच, काटकुळे, काळेसावळे, पांढरा बुशशर्ट कायम कडक इस्त्रीचा. लग्न केलं नाही. एकदाच मुलगी बघायला गेले होते म्हणे. मुलीचे वडील म्हणाले मुलगी सुगरण आहे, यांनी विचारलं हे पोहे कुणी केले, आणि घरातल्या कुणीतरी लहान पोराने खरं सांगून टाकलं की मावशीने. तिथेच विषय संपला.

पेणला राहायचं आणि गणपतीच्या मूर्तीवर संशय घ्यायचा, हे फक्त त्यांनाच जमू शकतं. दरवर्षी त्याच कारखान्यात जायचे, त्याच कारागिराकडून शाडूची मूर्ती घ्यायचे, आणि दरवर्षी बैठकीच्या खाली नख खुपसून बघायचे की खरंच शाडू आहे ना. तो बिचारा एकदा हात जोडून म्हणाला की सर, देवावर तरी शंका घेऊ नका. सर म्हणाले, देवावर कुठे घेतोय, तुझ्यावर घेतोय. पुढच्या वर्षी त्या कारागिराने यांच्या मूर्तीखाली नखापुरती जागा रंगवायची सोडून ठेवली होती.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल, विक्षिप्त म्हातारा, सोडून द्या. मलाही तसंच वाटायचं, रविवारचं प्रकरण होईपर्यंत. आमच्याकडे स्टाफ मीटिंगची पद्धत अशी की आत शिरता शिरता रजिस्टरवर सही करायची, मग बसायचं, आणि इतिवृत्त कारकून मागाहून आठवड्याने सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहिणार. सगळीकडे असंच चालतं. सर सही करायचे, सहीखाली तारीख आणि वेळ घालायचे आणि वरच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारून ठेवायचे. कारकून वैतागायचा, प्राचार्य वैतागायचे, आम्हीही वैतागायचो. आणि मग एका वर्षी आम्हाला कळलं की रविवारी जादा तास घ्यायला सगळ्या शिक्षकांनी मागच्या मीटिंगमध्ये आनंदाने संमती दिलेली आहे. सह्या आमच्याच होत्या. मोकल सरांची एकट्याची सही मात्र पुढच्या पानावर होती आणि तिथे वर रेघ होती, त्यामुळे तेवढे ते सुटले. आम्ही सगळे हात चोळत रविवारी कॉलेजात, आणि बघतो तर सर वर्गात हजर. मी म्हटलं, तुम्हाला तर माफ आहे ना? म्हणाले, ठरावासाठी नाही आलो, पोरांसाठी आलो.

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यात नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांचं राज्यशास्त्र मला फुकटात पाठ झालं. परराष्ट्र धोरणाच्या धड्यात तहांबद्दल कशाबशा दोन ओळी होत्या. सर त्या दोन ओळींवर चार तास घ्यायचे. इकडे माझी कविता चालू, तिकडे त्यांचा आवाज: "तह म्हणजे काय? दोघं जण खोलीत जातात, चहा पितात, हसत बाहेर येतात. आत काय झालं ते आपल्याला कोण सांगणार? तेच दोघं. ज्यांनी दिलं-घेतलं तेच सांगणार की आम्ही बरोबर दिलं-घेतलं." मग ते अमेरिकेत शिरायचे. तिथे तह अध्यक्ष करतो, पण तो लागू व्हायचा तर सेनेटमध्ये हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांनी होकार द्यावा लागतो. बोलणी एकाची, मंजुरी दुसऱ्याची. हे सांगताना त्यांचा स्वर असा खूश व्हायचा की जणू ती व्यवस्था त्यांनी स्वतः सुचवली असावी.

मग ते आपल्याकडे यायचे आणि आवाज खाली जायचा. आपल्याकडे सही सरकार करतं आणि त्या सहीवर शिक्कामोर्तबही सरकारच करतं. संसदेकडे जायचं ते देशातला कायदा बदलायची वेळ आली तर. फक्त एक गोष्ट आहे, म्हणायचे, देशाची जमीन दुसऱ्याला देऊन टाकायची असेल तर नुसत्या सहीने भागत नाही, घटनाच दुरुस्त करावी लागते. एकदा वडखळहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, मग सर, आपल्याकडे बाकीच्या तहांवर लक्ष कोण ठेवतं? इकडे मी खडू थांबवला. मग सर म्हणाले, "संसद विचारू शकते, कोर्ट विचारू शकतं, आणि तू विचारू शकतेस. पण विचारलं नाहीस तर आपणहून कुणी सांगायला येणार नाही."

वर्गात असं बोलणारे पुष्कळ असतात, घरी आल्यावर गप. हे तसे नव्हते, ते मला माझ्याच घरात कळलं. माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक होती. दोन्हीकडची वडीलमंडळी याद्या करायला बसली होती, मानपान, कार्यालय, कुणी काय करायचं. आमच्या बाजूने सगळी बोलणी माझ्या भावाने केली होती आणि झकास केली होती. सर साक्षीला म्हणून बोलावलेले. सह्यांची वेळ आली तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "बोलणी ज्यांनी केली त्यांनी आता बाहेर बसावं. मंजुरी मुलीची घ्यायची आहे." माझ्या भावाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण सरांच्या वयाकडे बघून सगळे गुपचूप ओटीवर गेले. सरांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, तुझी यात काही हरकत आहे का. ती आधी रडली आणि मग म्हणाली, आहे.

लग्न मोडलं. मी सहा महिने सरांशी बोलले नाही. खुर्ची हलवून खिडकीकडे नेली. पुढे मुलीने स्वतः बघून लग्न केलं, पुण्याला आहे, सुखात आहे. पण हे मी सरांना कधी कबूल केलं नाही. कशाला उगाच शेफारवून ठेवायचं?

इथपर्यंत सगळं त्यांच्या बाजूचं सांगितलं. आता कोंडखारचं सांगते.

रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीकाठी कोंडखार हे सरांचं गाव. धाकटा भाऊ पांडुरंग तिथे असायचा, पांडू. भात काढलं की जरा आतल्या, गोड्या मातीत वाल पेरायचे. पांडूची बायको भागी दर माघात वालाच्या शेंगांची पिशवी पेणला पाठवायची. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेला, आणि गावचा ओढा खाडीला मिळतो तिथे त्या बांधात एक दार. त्याला तिकडे उघाडी म्हणतात. भरतीला बंद ठेवायची, ओहोटीला उघडून आतलं पाणी जाऊ द्यायचं. सगळं गाव त्या एका दारावर जगतं.

पण त्याच दाराच्या आत, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, तळखार नावाचं दुसरं गाव. त्यांची तळी आहेत, त्यात जिताडे वाढवतात. भात निघालं की त्यांना भरतीचं खारं पाणी आत हवं, कारण माशाची पिल्लं त्याच पाण्याबरोबर येतात. म्हणजे कोंडखारचे वाल उभे असताना तळखारवाले उघाडी उघडणार, आणि वाल जळणार. वर्षानुवर्षं हेच. कधी शिवीगाळ, कधी डोकी फुटली, कधी पोलीस. शेवटी दोन्ही गावांना कंटाळा आला आणि कोंडखारवाले सरांकडे आले की मास्तर, तुम्ही शिकलेले, काहीतरी लिहून द्या.

सरांचे तर हात आभाळाला लागले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तहावर बोलायला कुणी मिळत नव्हतं. मसुदा राहू दे, त्यांनी आधी नियम केले. दोन्ही गावांनी पाच-पाच माणसं बोलणीला पाठवायची. ठरलेलं लिहून आणायचं. मग ज्याच्या त्याच्या गावाने भरसभेत मंजुरी द्यायची, आणि वाल बायका खुडतात म्हणून सभेत बायकांनी बसायचं, हात वर करायचा. बोलणी करणाऱ्या पाचांनी मात्र सभेत बसायचं नाही, बाहेर पारावर बसायचं. लोक हसले. पण पटलं त्यांना. कोंडखारच्या पाचांत गावाने पहिलं नाव घातलं ते पांडूचं, कारण पांडूचं तळखारच्या लोकांशी बरं होतं.

तेव्हाच सरांचा चेहरा जरा बदलला. त्या दिवशी मी बरोबर गेले होते. पेणला परत येताना गाडीत मला म्हणाले, याचं त्यांच्याशी एवढं बरं कसं काय? मी म्हटलं, अहो, भाऊ आहे तुमचा. म्हणाले, म्हणूनच विचारतोय, दुसरा असता तर गावाने विचारलं असतं. मला खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. मी शेंगदाणे खात बसले.

पांडू महिनाभर ये-जा करत होता. तळखारचा म्होरक्या म्हणजे रामा नाखवा, जुना होडीवाला, पांढऱ्या मिशांचा. पांडू त्याच्या ओटीवर बसायचा, कधी जिताडा घेऊन घरी यायचा. सरांना ही बातमी पेणला बरोबर पोचायची. मग ठरलेला तह आला. कुणीतरी मोबाइलवर पाठवला, सरांनी त्यावर विश्वास न ठेवता मूळ कागद मागवला, आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिला. मी वाचला आणि चाट पडले. वाल पूर्ण निघेपर्यंत उघाडी बंद राहील, हे तळखारने मान्य केलं होतं. बदल्यात कोंडखारने काय करायचं, तर पावसाळ्याआधी त्यांच्या बाजूच्या बांधावर माती टाकायला माणसं द्यायची. बस.

मंजुरीची सभा रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात होती. मी सरांबरोबर गेले होते, मागे बायकांत बसले. पाच जण बाहेर पारावर, पांडू कडेला विडी न पेटवता हातात धरून. सरांनी एकेक कलम वाचलं. लोक खूश. भागी तर माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, की यंदा पहिल्यांदाच डोळे मिटून वाल पेरीन. हात वर करायला सांगायचं तेवढं बाकी होतं. पण सरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला. तो चष्मा काढणं मला माहीत होतं.

ते म्हणाले, तळखार एवढं देतंय आणि घेतंय काय, चार पाट्या माती? हे कुणाला खरं वाटतं? त्या क्षणापर्यंत कुणालाही खोटं वाटलं नव्हतं. आता सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. आणि बघा, नियम करणाऱ्यानेही सभेत बोलू नये, हा नियम मात्र त्यांनी स्वतःसाठी केलाच नव्हता. त्यांनी पांडूला आत बोलावलं.

"पांडू, नाखव्याला काय दिलंस?"

"लिवलंय त्येच."

"लिहिलंय त्याशिवाय?"

पांडू उंबऱ्यातच उभा होता. त्याने एकदा भागीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. म्हणाला, "दादा, ह्ये हितं नको इचारू."

झालं. याच्यापुढे कुणाला काय हवं? मंडपात कुजबुज झाली, कुणी म्हणालं बघा, जिताडे उगाच नाय येत घरी. हात वर झाले ते नकाराचे. भागीने हात वर केला नाही, ना होकाराला ना नकाराला. ती पदराचं टोक पिळत बसली. पांडू खाली ओढ्याकडे निघून गेला.

परतीच्या गाडीत सर समाधानी होते. म्हणाले, बघितलंत, विचारलं म्हणून कळलं. मी म्हटलं, काय कळलं? खरंच, काय कळलं होतं? पांडूने काय दिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याने काहीतरी लपवलं एवढ्यावर सगळं गाव घरी गेलं होतं.

तह नाही म्हटल्यावर तळखारला कसलं बंधन? वालाला फूल असताना पुनवेच्या भरतीला त्यांनी उघाडी उघडली. त्यांची चूक म्हणता येणार नाही, त्यांनी आधी गावाला कळवलंही होतं. पाणी आत आलं, चार-पाच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग वेल जागच्या जागी वाळले. सर एकटेच जाऊन बघून आले. आल्यावर मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, बघवत नाही. त्या माघात पेणला शेंगांची पिशवी आली नाही. आणि गावात पांडूला कुणी पंक्तीत पान वाढायचं तरी विचार करून वाढायचं. तळखारचं खाल्लं, नाखव्याचं खाल्लं, काय वाटेल ते बोलत होते लोक. ज्या माणसाने महिनाभर पाय झिजवले त्याला चोर ठरवून मोकळे झाले, आणि सुरुवात त्याच्याच भावाने केली होती. मला सरांचा इतका राग आला होता की त्यांच्या हातचा चहासुद्धा मला कडू लागायचा.

पाडव्यानंतर एक दिवस सरांचा फोन आला, ताबडतोब या. कुठल्याही पक्षाशी एकट्याने बोलायचं नाही हा त्यांचा आणखी एक नियम, म्हणून साक्षीला मी. जाऊन बघते तर खुर्चीत रामा नाखवा, पुढे न प्यालेला चहा. तो आपला साधेपणाने विचारायला आला होता, की मास्तर, त्या उघाडीजवळच्या तुकड्याचं तुमचं काय ठरलं?

कुठला तुकडा, सर म्हणाले.

मग नाखव्याने सगळं सांगितलं. उघाडीला लागून मोकल भावांच्या वडिलांच्या वेळेचा एक सखल तुकडा आहे, सातबाऱ्यावर दोघांचं नाव. पांडू त्याला म्हणाला होता की त्या तुकड्यात तुम्ही तळं खणा, त्याला बांधातून वेगळा पाइप घ्या, तुमचं पाणी तिकडून येऊ दे, मग वाल निघेपर्यंत मोठी उघाडी उघडायची तुम्हाला गरजच काय? म्हणून तळखार मानलं होतं. पांडूने स्वतःच्या तोंडचा घास दिला होता, गावाचे वाल वाचावेत म्हणून. तुकड्यात सरांचाही अर्धा हिस्सा, आणि सरांना विचारलेलं नव्हतं. पांडू नाखव्याला म्हणाला होता, आधी गावाची मंजुरी होऊ दे, दादाला मी मागनं सांगेन.

सरांनी विचारलं, लिहून दिलं का त्याने? नाखवा म्हणाला, नाही, शब्द दिला. सर म्हणाले, आणि तुम्ही शब्दावर अख्खा तह केलात? नाखवा उठला, टोपी घातली. "पांडूचा शब्द हाय, मास्तर," तो म्हणाला, "आमच्या गावात तो कागदाच्या वर चालतो." आणि चहा तसाच ठेवून गेला.

सरांनी तो कप उचलून आत नेऊन ठेवला. मग मला म्हणाले, जमीन द्यायची तर सगळ्यांची मंजुरी लागते, हे त्याला मी लहानपणीच शिकवलं होतं. मी म्हटलं, सर, आता पुरे. चला कोंडखारला.

पांडूच्या ओटीवर आम्ही दुपारी पोचलो. भागीने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. पांडू सुतळीने दावं वळत बसला होता, वर बघितलंसुद्धा नाही. सर उभेच होते. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितला असता तर तू इचारला असतास, नाखव्यानं मला काय दिला." दाव्याला एक पीळ दिला त्याने. "आनि सभेत सांगितला असता तर गाव म्हनला असता, पांडूनं दादाची जमीन दादाला न इचारता दिली. तुजी मान खाली गेली असती. म्हनून गप ऱ्हायलो. तरी तू इचारलासच, सगल्या गावासमोर."

आतून भागी म्हणाली, की भावजी, वाल काय, परत येतील. पण ह्यांना आता गाव कंदी बोलणीला पाठवनार नाय.

मी सरांकडे बघितलं. एवढा उंच माणूस, कुठे उभं राहावं ते कळत नसल्यासारखा खांबाला धरून होता. मला आदल्या क्षणापर्यंत त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि आता रडू यायला लागलं. ते म्हणाले, "चूक माझी." तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. पांडूने दावं ठेवलं आणि तो बैलाला पाणी दाखवायला गेला.

भात कापणीच्या तोंडावर सरांनी पुन्हा सभा मागवली. कलमं तीच, फक्त तुकड्याचं कलम आता उघड लिहिलेलं. या वेळी सर वाचायला उभे राहिले नाहीत, बोलायला राहिले. म्हणाले, "पांडूने आमची सामाईक जमीन मला न विचारता देऊ केली, ती चूक. पण ती त्याने गावासाठी देऊ केली. आणि मी काहीही माहीत नसताना त्याला तुमच्यासमोर चोर ठरवलं, ही त्याहून मोठी चूक. माझ्या हिश्शाची मंजुरी मी आता देतोय. यात माझी जमीन आहे, म्हणजे मला मत नाही." आणि कागद माझ्या हातात देऊन ते बाहेर जाऊन पारावर बसले. पांडू एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. मधे तीन माणसं बसतील एवढी जागा.

तह मंजूर झाला. तीन बायकांनी विरोधात हात वर केले. मी बाहेर येऊन सांगितलं तर सरांनी आधी विचारलं, त्या तिघी कोण, आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं का. काही माणसं सुधारत नाहीत. पांडूने मात्र काहीच विचारलं नाही, चपला घातल्या आणि घरी गेला. त्यानंतरही तो सरांशी कामापुरतंच बोलायचा. व्हय, नाय, बघतो. सर दर पुनवेच्या भरतीला कोंडखारला जायचे, उघाडी नीट बंद आहे का बघायला. तळखारवाले म्हणायचे मास्तरांना आमची शंका येते. मला वाटतं त्यांना भावाच्या जवळपास उभं राहायचं होतं. पण हे त्यांनी कबूल केलं नसतं आणि मीही विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या माघात. माझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दोन महिन्यांसाठी मुलीकडे पुण्याला जाणार होते, तर म्हणाले, एकदा वाल बघून जा. पुनवेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला. बांधापलीकडे खाडी काठोकाठ, अलीकडे ओढ्यात पोटरीएवढं पाणी, आणि त्याच्या पलीकडे वाल शेंगांनी लवलेले. प्रश्न एवढाच होता की उघाडीच्या फळ्यांतून खारं पाणी झिरपतंय का. पांडू ओढ्यात उतरला होता. ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घातलं, थुंकला, पुन्हा घेतलं.

सरांनी चपला काढल्या होत्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. एक पाय पायरीवर. ते खाली उतरून स्वतः चव घेणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती, आणि पांडूलाही नसावी, कारण तो त्यांना जागा द्यायला बाजूला सरकला.

"गोडा हाय," पांडू म्हणाला.

सर तसेच थांबले. पाण्याकडे बघितलं, मग पांडूकडे. "बरं," म्हणाले. पायरीवरचा पाय मागे घेतला, दुमडलेली पँट खाली सोडली, आणि वाकून भावाला वर घ्यायला हात पुढे केला. पांडू त्या हाताकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने तो धरला आणि बांधावर चढून आला.